अर्जात मेलेला बाप

शहापूरच्या तहसील कचेरीबाहेर पिंपळाखाली चार टेबलं आहेत. त्यातलं सगळ्यात जुनं, एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेलं, ते अनंता धानकेचं. त्या टेबलामागे बसून अनंताने चाळीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिले. रेशनकार्डाचे, सातबाऱ्यावर नाव चढवायचे, निराधार पेन्शनचे, अवकाळीने भात झोपलं त्याचे. हल्ली पोरं मोबाइलवर फॉर्म भरतात म्हणे. भरोत बापडी! डोंगराकडच्या पाड्यांवरून उतरणारी म्हातारी माणसं अजून आधी पिंपळाखालीच बघतात, अनंता आलाय का.

कारण अनंताचा अर्ज रडायचा. साध्या दाखल्याचा अर्ज असला तरी त्यात 'मी अत्यंत गरीब असून माझ्या कुटुंबात कमावते कोणी नाही' हे वाक्य यायचंच. अर्जदार बुलेटवरून उतरला असला तरी यायचं. जास्त गरज वाटली तर अनंता पूर आणायचा, घराची भिंत पाडायचा, आणि काम अगदीच अवघड असलं तर अर्जदाराचा एखादा नातेवाईक दोन ओळींत वर पाठवायचा. प्रतिज्ञापत्रात नाही हं! शपथेच्या कागदाला तो भ्यायचा. पण साध्या अर्जात त्याचा हात कोण धरणार? कोणी कुरकुरलंच तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणायचा, "रडल्याशिवाय आई पण पोराला पाजत नाय, आणि सायेब काय तुझी आई हाय?"

ही खोड उगाच लागली नव्हती. भातसा धरणाच्या पाण्यात धानक्यांचं जुनं गाव गेलं तेव्हा अनंता आठ वर्षांचा होता. भांडी आणि कोंबड्या बैलगाडीत घालून ते सापगावात येऊन उतरले, तर ओळखीचं कुत्रंही नाही. ताराबाई नावाच्या एका विधवा बाईने आपल्या गुरांची पडवी सारवून त्यांना दिली. कोण, कुठले, किती दिवस राहणार, एक शब्द विचारला नाही. दोन पावसाळे ते तिथे राहिले. त्या दिवसांत अनंताच्या वडिलांनी जमिनीसाठी अर्ज केला आणि त्यात होतं तसं लिहिलं, दोन बैल आहेत, अंगात ताकद आहे, जमीन द्या, कसून दाखवतो. शेजाऱ्याने मात्र रडून-भेकून लिहिलं. शेजाऱ्याचं काम आधी झालं. का झालं ते देव जाणे, त्याचा नंबरच आधी असेल. पण वडिलांनी धडा एकच घेतला आणि मरेपर्यंत पोराला सांगितला, कागदावर धडधाकट दिसू नये.

अशा माणसाच्या घरी शकिबा आली.

दोन हजार एकवीसचा जून. शकिबा अफगाणिस्तानातली, वय चोवीस-पंचवीस, शिष्यवृत्तीवर शेतीचं शिकायला पुण्याला आलेली. गावठी भाताच्या जातींवर प्रबंध लिहायचा म्हणून शहापूर-मुरबाड पालथं घालत होती. अनंताची बायको हौसा माहेरून, धसईहून, झिणी भाताचं बियाणं घेऊन आली होती आणि सगळ्या गावाने संकरित लावलं तरी दोन वाफे झिणी लावल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ते बियाणं बघायला शकिबा एका सकाळी सापगावात आली. दुपारी भाकरी खाल्ली. संध्याकाळच्या एसटीला निघाली तर हौसा म्हणाली, "रोज पुण्यावरना कशी येशील गो? पाय तुटतील." आणि पडवीलगतची खोली झाडायला घेतली. झालं! नवऱ्याला विचारायची पद्धत त्या घरात नव्हतीच.

परदेशी माणूस घरी ठेवला की पोलिसांत सी-फॉर्म द्यावा लागतो. तो अनंताने दुसऱ्याच दिवशी आपल्या हाताने भरून दिला. त्यात लिहिलं, विद्यार्थी व्हिसा, विमानाने आगमन. हे ध्यानात ठेवा, पुढे यावरूनच रामायण व्हायचं आहे.

पोरगी गोड. हिंदी सिनेमातून शिकलेली आणि मराठी हौसाकडून, त्यामुळे 'नाही'ला पहिल्या दिवसापासून 'नाय'च म्हणायची. सुक्या बोंबलाचा वास आला की ओढणी नाकाला लावून पार विहिरीपर्यंत पळायची आणि हौसा मागून हसायची. खोलीत पश्चिमेकडे चटई टाकून नमाज पढायची, तेव्हा हौसा कोंबड्यांना हुसकून लावायची, तेवढा वेळ गडबड नको म्हणून. अनंताला ती काका म्हणायची. तिच्या भाषेतही चुलत्याला काकाच म्हणतात, हे ऐकून अनंताला काय आनंद झाला! पिंपळाखाली आठवडाभर तेच सांगत होता.

मग पंधरा ऑगस्ट आला. शकिबा सकाळी गावच्या शाळेत झेंडावंदनाला गेली होती, पोरांनी तिच्या ओढणीला कागदी तिरंगा टाचला होता. जिलेबीचा पुडा घेऊन ती दुपारी घरी आली, ओट्यावर बसली, आणि फोन बघता बघता तिचा चेहरा पांढराफटक पडला. काबूल पडलं होतं. ती वडिलांना फोन लावत होती, फोन लागत नव्हता. तेव्हापासून दिवेलागणीपर्यंत ती त्या ओट्यावरून हलली नाही. हौसाने समोर भात ठेवला, तो निवला, उचलला, पुन्हा गरम करून ठेवला.

दहा दिवसांनी वडिलांचा फोन आला. शकिबा तिकडे असताना रेडिओवर बायकांसाठी शेतीचा कार्यक्रम करायची. मुलींना शिकवा, शेताच्या कागदावर बायकोचंही नाव लावा, असं दर आठवड्याला सांगायची, तेही स्वतःच्या नावानिशी. शिवाय ती हजारा जमातीची, म्हणजे ज्यांच्यावर काबूल घेतलेल्या त्या लोकांचा आधीपासून डोळा, त्यांतली. बंदुका घेतलेली माणसं तिच्या घरी आली होती आणि रेडिओवरची पोरगी कुठे आहे म्हणून नाव घेऊन विचारत होती. तिचे वडील नादेर अली, पेशाने मास्तर, घर सोडून दुसऱ्या शहरात बहिणीकडे जाऊन लपले होते. त्यांनी फोनवर सांगितलं, "मी सांगेपर्यंत येऊ नकोस. आणि मी सांगितलं, तरी येऊ नकोस."

शकिबाने हे हौसाला सांगितलं, हौसाने तिचं डोकं मांडीवर घेतलं. अनंता दारात उभा होता. ज्याने चाळीस वर्षं लोकांची रडगाणी लिहिली, त्या माणसाला खरं रडणं समोर आल्यावर एक शब्द सुचू नये, आता बोला!

पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती संपली, मागोमाग व्हिसाही संपत आला. परत जायचं तर कुठे? दिल्लीला संयुक्त राष्ट्रांचं शरणार्थ्यांसाठीचं कार्यालय आहे, तिथे शकिबाने अर्ज केला. इंग्रजीतून स्वतःच लिहिला, शिकलेली पोरगी ती. अर्ज विचाराधीन असल्याचा एक कागद मिळाला आणि काही महिन्यांनी मुलाखतीची तारीख आली. मुलाखतीत ती शरणार्थी ठरली तर ओळखपत्र मिळणार होतं. नाही ठरली तर हातात काही नाही, संपलेला व्हिसा आणि परत पाठवलं जायची टांगती तलवार.

"काका, एक पत्र द्याल?" तिने विचारलं. "मी तुमच्याकडे राहत होते, आणि त्या दिवसांत तुम्ही जे बघितलं ते. बस, तेवढंच."

"आता ते माझ्यावर सोड," अनंता म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत अशी काही चमक आली की हौसाने तेव्हाच ओळखायला हवं होतं.

पोरीसाठी जीव तुटत होता हो त्याचा! म्हणूनच तर घोळ झाला. त्याने विचार केला, ही विमानाने आली, दोन बॅगा घेऊन, शिक्का मारून. अशा माणसाला कोण शरणार्थी म्हणेल? शरणार्थी कसा असावा, फाटका, अनवाणी, मागे कोणी न उरलेला. कागदावर धडधाकट दिसू नये. आणि अनंताने आयुष्यातला सगळ्यात जोरदार अर्ज लिहिला. 'सदर मुलगी ही आपला जीव मुठीत धरून बर्फाचे डोंगर पायी ओलांडून आमच्या दारी आली. तिचे वडील तिच्या डोळ्यांदेखत मारले गेले. ती अत्यंत गरीब व निराधार असून तिचे या जगात कोणी नाही. तरी मेहेरबान साहेबांनी दया करून तिला उपकृत करावे.' खाली, नेहमीप्रमाणे, 'आपला आभारी'.

कागद घेऊन तो सारिकाच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. सारिका इंग्रजी करून द्यायची आणि मेलही करायची. ती वाचता वाचता थांबली. "काका, डोंगर ओलांडून? ही तर एसटीतना उतरली ना?"

"तू टाइप कर. चाळीस वर्षं झाली मला," अनंता म्हणाला. शकिबाला आयतंच द्यायचं, तिचं ओझं तेवढंच हलकं, असं त्याच्या मनात होतं. पत्र दिल्लीला गेलं.

मुलाखतीला आठ दिवस राहिले तेव्हा शकिबा सारिकाकडे कागद स्कॅन करायला गेली. सारिकाने पत्राची प्रत तिच्या हातात दिली. ती घरी आली तेव्हा अनंता ओट्यावर चहा पीत बसला होता आणि हौसा सुपात तांदूळ निवडत होती. शकिबा उभीच राहिली. आवाज न चढवता तिने कागद त्याच्यापुढे धरला.

"काका, तुम्ही माझे बाबा मारले."

अनंताने बशी खाली ठेवली.

"काल रात्री बोलले मी त्यांच्याशी. त्यांना खोकला झालाय. आणि इथे लिहिलंय ते मेले."

"अगो, ते कागदावर..." अनंता म्हणाला. "बाप जिता असला तर सायबाला दया कशी येणार?"

"दया नको आहे, काका! दया मागायचीच नाय तिथे." ती धपकन त्याच्या शेजारी बसली. मग तिने डाव्या हाताची पाच बोटं त्याच्यासमोर धरली. "शरणार्थी कोण, हे कायद्यात लिहिलंय. पुष्कळ देशांनी मिळून लिहिलंय, एक्कावन्न साली. माणूस आपल्या देशाबाहेर असला पाहिजे. परत जायची त्याला भीती असली पाहिजे, आणि त्या भीतीला आधार पाहिजे, नुसती वाटून चालत नाय. त्याचा देश त्याला वाचवणार नाय, हेही पाहिजे. आणि छळ व्हायची जी भीती आहे, तिचं कारण या पाचांतलं एक पाहिजे." एकेक बोट मिटत ती सांगू लागली. "वंश. धर्म. राष्ट्रीयत्व. एखाद्या विशिष्ट गटातला असणं. आणि राजकीय मत."

अनंता बोटांकडे बघत राहिला. "गरिबी?"

"नाय."

"पूर? दुष्काळ?"

"त्याने माणूस घर सोडतो, पण या कायद्यात तो शरणार्थी नाय."

"धरण?"

बुडालेल्या गावाची गोष्ट शकिबाला ठाऊक होती. "तुम्ही देशातच होतात, काका. आणि तुम्हाला कोणी तुमच्या जातीसाठी, मतासाठी मारायला येत नव्हतं. त्याला विस्थापित म्हणतात. दुःख तेच, कायदा वेगळा."

"म्हंजे चाळीस वर्षं मी जे जे लिवला, त्यातला एक पण यात नाय," अनंता म्हणाला.

"माझं जे आहे ते खरंच यात आहे ना! मी हजारा. मी रेडिओवर बोलले. ते माझं नाव घेऊन आले. एवढं पुरे होतं." आता तिचे डोळे भरले. "मी पळून आलेच नाय, काका. मी इथे झिणीचे दाणे मोजत होते आणि तिकडे माझं दार बंद झालं. कायदा म्हणतो, तोही शरणार्थीच. घरातून निघताना नव्हता, नंतर झाला, तरी शरणार्थीच. तुम्ही मला डोंगरावरून चालवायची काय गरज होती? माझ्या पासपोर्टवर विमानतळाचा शिक्का आहे. माझ्या अर्जात बाबा जिवंत आहेत, तुमच्या पत्रात मेलेत. आता ते विचारतील, कोण खोटं बोलतंय? एक खोटं सापडलं की माझं खरंही कोणी धरणार नाय. मग मला परत..."

हौसाने सूप बाजूला ठेवलं. "हाताने लिवून दिलास ना पोलिसांत, विमानाने आली म्हणून? तेव्हा डोंगर कुठं गेलता तुझा?" ती नवऱ्यावर कडाडली. "जित्याची खोड! पोरीचा बाप मारलास तो मारलास, आता तिला मारणार का?"

अनंताच्या पायाखालची जमीन सरकली. करायला गेला एक आणि झालं भलतंच. त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर बसला, पण लोकांचे कागद तसेच राहिले. तो आपला नवा कागद घ्यायचा, 'महोदय' लिहायचा आणि थांबायचा. खरं लिहायचं होतं, फक्त खरं, आणि हात वळेना! 'अत्यंत' हा शब्द आपोआप उमटायचा. चार कागद फाडले. शेवटी तो घरी आला, हौसासमोर बसला आणि म्हणाला, "तू सांग. तू काय बघितलीस तेवढंच सांग. मी नुसता लिवतो."

हौसा भाताच्या पेंढ्या बांधत होती. तिने हात न थांबवता सांगितलं, आणि पहिल्यांदाच अनंता धानकेचा अर्ज अर्ध्या पानात संपला.

'मी अनंता धानके, रा. सापगाव. शकिबा जून २०२१ पासून आमच्या घरी राहते. ती विमानाने शिकायला आली, असे मी पोलिसांत दिलेल्या फॉर्मात लिहिले आहे व ते खरे आहे. १५ ऑगस्टला ती दुपारपासून संध्याकाळपर्यंत वडिलांना फोन लावत होती. फोन लागला नाही. दहा दिवसांनी त्यांचाच आला. वडिलांनी तिला येऊ नको म्हणून सांगितले, हे तिने त्याच वेळी माझ्या बायकोला सांगितले व मी दारात उभा होतो. तिचे वडील जिवंत आहेत. ते मेले व ती डोंगर ओलांडून आली, असे मी आधीच्या पत्रात लिहिले, ते खोटे आहे. ते तिने सांगितले नव्हते व तिला माहीत नव्हते. चूक माझी आहे.'

शेवटचं वाक्य लिहिताना त्याने पेन दोनदा खाली ठेवलं. लोकांच्या वतीने त्याने हजारो अर्ज लिहिले होते, पण स्वतःच्या नावाने, स्वतःबद्दल, हा पहिलाच. तो घेऊन तो सारिकाकडे गेला. तिने वाचलं आणि टाइप केलं. तेही दिल्लीला गेलं.

मुलाखतीच्या दिवशी शकिबा दिल्लीत आणि अनंता पिंपळाखाली. गुरुवार होता, गर्दी. समोर धाऊ बसला होता, वरच्या पाड्यावरचा म्हातारा, अनंताचं वीस वर्षांचं गिऱ्हाईक. पेन्शन अडकली होती त्याची. तेवढ्यात फोन वाजला. दिल्लीचा नंबर.

एक बाई होती, हिंदीत बोलत होती, आवाज शांत. शकिबाच्या संमतीने फोन करत आहोत, म्हणाली. तुमची दोन पत्रं आमच्यासमोर आहेत आणि दोन्हींत वेगवेगळं आहे. कोणतं खरं?

अनंता उठून उभा राहिला. बाजूला जायचं त्याला सुचलंच नाही. चार टेबलांवरची माणसं, स्टॅम्पवाला, चहावाला, सगळे ऐकत होते.

"मॅडम, दुसरावाला खरा. पैलावाला मैंने झूठ लिखा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला, कारण दिल्ली लांब आहे असं त्याला वाटत होतं.

का लिहिलं, तिने विचारलं.

"मेरेको लगा, खरा लिखेगा तो कोई सुनेगा नहीं. हमेशा ऐसाच लिखता आया, मॅडम. लेकिन लडकी का कुछ गलती नहीं. उसने एक शब्द झूठ नहीं बोला. उसको मालूमच नहीं था."

मग तिने विचारलं, तुम्ही स्वतः काय बघितलं. आणि अनंताने सांगितलं. ओटा, फोन, तिरंगा टाचलेली ओढणी, निवलेला भात. मध्येच तिने विचारलं, वडील काय बोलले ते तुम्हाला कळलं का? जुना अनंता असता तर म्हणाला असता, शब्दन् शब्द कळला. हा म्हणाला, "नहीं मॅडम, भाषा उनकी थी. लडकी ने बाद में बताया, वोच मालूम." त्या बाईने आभार मानले आणि फोन ठेवला.

अनंता खाली बसला, कपाळावरचा घाम पुसला. समोर धाऊ आपला अर्ज डोळ्यांजवळ नेऊन बघत होता. वाचता येत नव्हतं त्याला, तरी बघत होता.

"अनंता," तो म्हणाला, "माझ्या कागदात पण कोण मेला काय रे?"

"तुझा मुलगा," अनंता म्हणाला.

"तो तर कल्याणला हाय! रविवारी मटण घेऊन आला व्हता."

अख्खा पिंपळ हसला. अनंताने तो कागद टराटरा फाडला आणि नवा घेतला. धाऊची पेन्शन अडकली होती ती हयातीच्या दाखल्यावरून, मुलाचा त्यात काही संबंधच नव्हता. तीन ओळींत अर्ज झाला. पंधरवड्यात पेन्शन सुरू झाली आणि धाऊने भोपळा आणून दिला.

शकिबा परत आली, पण निकाल यायला महिने गेले. ते दिवस वाईट. मुलाखत चांगली झाली, असं ती म्हणायची, आणि पुन्हा मेल उघडून बघायची. अनंता तिच्यासमोर बसायचं टाळायचा. तिने मात्र त्याच्याशी अबोला धरला नाही, एक दिवससुद्धा नाही. सकाळी त्याच्यासाठी चहा ठेवायची, काका म्हणायची. तेच त्याला जास्त लागायचं. हौसाने लावणी केली, तण काढून बेणणी झाली, झिणीला लोंब्या आल्या. शकिबा बांधावर बसून दाणे मोजायची.

आणि दिवाळीच्या आधी दिल्लीहून कळलं. शकिबा शरणार्थी ठरली. तिचं म्हणणं ग्राह्य धरलं होतं. ओळखपत्र यायचं होतं, त्यावर तिचं नाव, तिचा फोटो. आपल्या देशाने त्या जागतिक करारावर सही केलेली नाही, त्यामुळे कार्ड मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नव्हतं, व्हिसाचं वेगळं बघावं लागणार होतं, हे तिनेच समजावून सांगितलं. पण जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत लोटू नये, हा त्या कायद्याचा कणा, आणि तिच्याकडे आता बोट दाखवायला कागद होता.

"एवढाच ना?" हौसा म्हणाली. "दारात आलेल्याला मागं लोटू नये. ताराबाईला कुणी शिकवला व्हता?" आणि तिने शकिबाच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. अनंताचा जीव भांड्यात पडला. तो परसात गेला आणि बराच वेळ आला नाही. आला तेव्हा डोळे लाल होते. धूर गेला म्हणाला. चूल पेटलेली नव्हती.

त्याच दुपारी शकिबाने ओट्यावर बसून वडिलांना व्हिडिओ फोन लावला. खूप वेळ दोघं आपल्या भाषेत बोलली, हसली, रडली. मग तिने फोन अनंताकडे वळवला. "काका, बाबांना बोलायचंय."

अनंता नको नको म्हणत होता. पण फोन हातात आला होता आणि पडद्यावर एक पांढऱ्या दाढीचा, खोल डोळ्यांचा माणूस त्याच्याकडे बघत होता. खोकत होता. दोन वर्षांपूर्वीचा फोटो शकिबाच्या खोलीत होता, त्यापेक्षा कितीतरी वाळलेला. अनंताने फोन हौसाच्या हातात दिला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "मास्तर, माफी करा. मी तुमाला कागदावर मारला व्हता."

शकिबाने ते तिच्या भाषेत सांगितलं. नादेर अली आधी गंभीरपणे ऐकत राहिले, मग हसू लागले, हसता हसता खोकू लागले. काहीतरी म्हणाले. शकिबाही हसत होती, डोळे पुसत होती.

"बाबा म्हणतायत, पुढच्या वेळी मारायचं असलं तर आधी कळवा. मी तयारीत राहीन."

मग नादेर अलींनी हात छातीवर ठेवला आणि मान झुकवली. या वेळी ते सावकाश बोलले, आणि शकिबा वाक्यागणिक सांगत गेली. "बाबा म्हणतायत, मी तिथे नव्हतो तेव्हा माझ्या पोरीला तुम्ही भात गरम करून वाढला. मी मास्तर आहे, मला पुष्कळ शब्द येतात, पण याचे आभार मानायला शब्द नाय."

अनंताला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. आभाराची वाक्यं त्याला तोंडपाठ होती. 'आपला आभारी' हे दोन शब्द त्याने दुसऱ्यांच्या नावावर किती हजार वेळा लिहिले असतील त्याला गणती नाही. पण समोरचा माणूस खोकत होता, हसत होता, श्वास घेत होता, आणि अनंताला दुसरं काहीच दिसत नव्हतं.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी जिते आहात. तुमचेच लय उपकार झाले."

शकिबाला त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. नादेर अलींनी त्याच्या तोंडाकडे बघून मान हलवली. हौसा म्हणाली, "खोकल्याला आल्याचा काढा घ्या म्हणावं," आणि शकिबाने ते मात्र नीट सांगितलं.